‘बदमाश’ या अर्थाच्या ‘मिस्क्रिअंट’ (miscreant) या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ ‘नास्तिक’ होता, हे खरे आहे का?

जवळजवळ खरे आहे. मूळ अर्थ मात्र ‘देव न मानणारा’ असा नसून ‘चुकीचे मानणारा’ असा होता. जुन्या फ्रेंचमधील ‘मेस्क्रेआं’ या शब्दात ‘मेस्’ म्हणजे वाईट किंवा चुकीचे, आणि उरलेला भाग विश्वास ठेवणे या अर्थाच्या ‘क्रेदेरे’ या लॅटिन क्रियापदातून आलेला आहे. (आपल्या ‘श्रद्धा’ या शब्दाचे आणि ‘क्रेदेरे’चे मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात.) ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यातील धर्मयुद्धांच्या (क्रुसेड्स) काळात हा शब्द मुसलमानांना आणि चर्चची शिकवण नाकारणाऱ्या पाखंड्यांना उद्देशून वापरला जाई.

पाखंड हा त्या काळी केवळ मतभेद नव्हता. इंग्लंडमध्ये १४०१ च्या कायद्याने पाखंड्यांना जिवंत जाळण्याची तरतूद केली होती, त्यामुळे ज्याची श्रद्धा चुकीची तो माणूसच दुष्ट, हे समीकरण लोकांच्या मनात आधीच पक्के झालेले असणार. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘बदमाश’ हा अर्थ रूढ झालेला दिसतो. शेक्सपिअरच्या ‘हेन्री सहावा’ नाटकाच्या पहिल्या भागात इंग्रज सरदार फ्रेंच वीरांगना जोन ऑफ आर्कला हीच शिवी देतो, आणि ती पाखंडी म्हणून जाळली जाणार असल्याने तिथे दोन्ही अर्थ चपखल बसतात. पुढे धर्माचा संदर्भ गळून पडला.

इंग्लंडात आता काहीसा जुनाट वाटणारा हा शब्द भारतीय उपखंडातील इंग्रजी वृत्तपत्रांत मात्र सर्रास आढळतो. मराठी बातमीदार जिथे ‘समाजकंटक’ लिहितो, तिथे इंग्रजी बातमीत हा शब्द हमखास असतो. १९७१ मध्ये पाकिस्तानी राजवटीने बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीच्या सैनिकांनाही हेच नाव दिले होते.