मागाची खटखट आणि माजघरातले बोलणे

आपले घर बेळगावच्या वडगावात यंत्रमागांच्या बोळात आहे, घरूनच हिशेबाचे काम करायचे आहे आणि त्यासाठी आवाज दाबणारे महागडे हेडफोन घ्यावेत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आधी टेबल हलवावे. हेडफोनचे नंतर पाहता येईल.

मागाची खटखट एका लयीत चालते, त्यामुळे काही दिवसांत मन तिची दखल घेईनासे होते. काम मोडते ते माणसांच्या बोलण्याने, कारण कळणारे शब्द कानावर पडले की ते न ऐकणे आपल्या हातात राहत नाही. गोम अशी, की हे हेडफोन सलग घुमणारा, खालच्या पट्टीतला आवाज चांगला दाबतात, पण बोलणे तितके दाबत नाहीत. म्हणजे पैसे मोजून माग मंदावतील आणि माजघरातली चर्चा अधिकच स्पष्ट ऐकू येईल. (माग आपल्याच घरात असतील, तर मात्र प्रश्न कानांच्या आरोग्याचा आहे आणि तो वेगळा.)

मी शहापुरात कन्नड कागदपत्रांचे मराठी अनुवाद करतो. पूर्वी माझे टेबल सोप्यात होते. येणारा-जाणारा उंबऱ्यातूनच ‘आहेस काय रे?’ म्हणून हाक मारी, आणि रस्त्यावरचे कन्नड बोलणेही मला तितकेच नडे. दोन्ही भाषा कळत असल्याचा सीमाभागातला हा एक तोटाच म्हणायचा. शेवटी परड्याकडची धान्याची खोली रिकामी केली. दार लावूनही बोलणे येतच होते, ते दाराखालच्या बोटभर फटीतून. तिथे जुन्या वाकळेची घट्ट गुंडाळी सारली, तेव्हा कुठे शब्द पुसट झाले.

खिडकी शक्यतो उत्तरेची निवडावी आणि ती आपल्या बाजूला येईल असे बसावे. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर स्क्रीनवर ऊन येते आणि पावसाळ्यात कागदांवर झड.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, पालथा घालून टेबलावर नव्हे. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांच्या २०१७ च्या प्रयोगांत, आवाज बंद केलेला फोन टेबलावर असणाऱ्यांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी सरस ठरली होती.

आठवडाभर मागच्या खोलीत बसून पाहावे आणि लक्ष उडेल तेव्हा कागदावर ‘माग’ किंवा ‘माणूस’ याखाली रेघ ओढावी. ‘माग’खालीच रेघा जास्त निघाल्या, तर हेडफोन अवश्य घ्यावेत.