उत्तर : आई-बाबांची पहिली युरोप टूर, सीमा, हॉटेल आणि पोचल्यानंतरचा पहिला तास

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई-बाबा सोलापुरात, तुम्ही पुण्यात. जूनमध्ये ते अकरा दिवसांच्या ग्रुप टूरने युरोपला निघालेत, पहिलाच परदेश प्रवास. बस एका देशातून दुसऱ्या देशात जाताना कागदपत्रांची काही भानगड झाली तर, ही बाबांची काळजी. "रात्री कुठल्या तरी अनोळखी गावात उतरवलं आणि आम्ही चुकलो तर" ही आईंची. आणि शेवटच्या ओळीत, शेंगाचटणी बरोबर नेता येईल का.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, सोलापुरातच. निवृत्तीनंतर मुलानं अक्षरशः ढकलून २०१८ साली युरोपला पाठवलं, मग २०२३ मध्ये सिंगापूर-मलेशियाला. दोन्ही वेळा ग्रुप टूर, दोन्ही वेळा सौ. बरोबर. तेवढ्या भांडवलावर सांगतो: बाबांची काळजी जवळजवळ फुकटची आहे. आईंची मात्र खरी आहे, तिचा बंदोबस्त इथूनच करून ठेवा.

आधी बाबांचं. पॅरिसहून ब्रसेल्सला जाताना मी खिडकीला डोळे लावून बसलो होतो की आता नाका येईल, बॅरिअर येईल, कुणीतरी शिट्टी वाजवेल. काही आलं नाही. रस्त्याकडेला निळा बोर्ड, त्यावर ताऱ्यांचं वर्तुळ आणि मध्ये देशाचं नाव, एवढंच. मोबाईलवर कंपनीचा 'वेलकम'चा मेसेज आला तेव्हा कळलं की बेल्जियममध्ये शिरलोय. शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्याचा व्हिसा एकदा लागला आणि विमानतळावर आत घेतलं, की पुढचे देश एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेल्यासारखे. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण २००८ पासून शेंगेनमध्ये आहे. तिथं फक्त पैसे बदलतात, युरोच्या जागी फ्रँक. टूरमध्ये लंडन असेल तर मात्र ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो. तो काढलाय ना, हे आजच विचारा.

खरी तपासणी पहिल्या विमानतळावर. आमच्या वेळी शिक्का मारायचे. ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी संगणकात नोंद करण्याची पद्धत सुरू झाली आहे, तिथं चेहऱ्याचा फोटो घेतात आणि व्हिसाच्या वेळी दिलेले बोटांचे ठसे ताडून बघतात. त्यामुळे रांग लांबू शकते. बाबांना सांगा, घाबरायचं नाही, टोपी-चष्मा काढून उभं राहायचं. परतीचं तिकीट आणि हॉटेलांची यादी हातात कागदावर असू द्या. "किती दिवस?" विचारलं तर "इलेव्हन डेज, ग्रुप टूर", बास.

एक पथ्य मात्र पाळायचं. पासपोर्ट बसच्या डिकीतल्या बॅगेत ठेवायचा नाही, अंगावर ठेवायचा. जर्मनीसारख्या काही देशांनी अलीकडे जमिनीवरच्या सीमांवरही तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आहे, पोलीस बसमध्ये चढू शकतात. इटलीत हॉटेलवाले नोंदीसाठी पासपोर्ट मागतात, तेव्हा द्यायचा आणि परत घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही. लिश्टेनश्टाइनमधल्या वाडुझला पैसे देऊन पासपोर्टवर हौसेचा शिक्का मारून मिळतो. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी मारून घेतला. मी डायरीच्या पानावर घेतला. सरकारी कागदावर हौस नको, ही माझी नोकरीतली खोड.

जरा विषयांतर. देश बदलल्याचं कळत नाही, पण भाषा बदलल्याचं कळतं. स्वित्झर्लंडमध्ये गॉटहार्डचा बोगदा आहे, जवळपास १७ किलोमीटरचा. आत शिरलो तेव्हा पाट्या जर्मन होत्या, बाहेर पडलो तर इटालियन. देश तोच! इटलीची हद्द त्यानंतर तासाभरानं. आणि आपल्याकडे? सोलापूरहून विजापूरकडे जाताना टाकळीचा पूल ओलांडला की भीमेपलीकडे कर्नाटक, पण कन्नड कानावर पडायला लागते ती पुलाच्या कितीतरी अलीकडे, आणि मराठी संपते ती पलीकडच्या धुळखेडच्याही पुढे. सकाळी तेलुगू, दुपारी कन्नड आणि घरी मराठी ऐकणाऱ्या सोलापूरच्या माणसानं परक्या भाषेला घाबरावं, हे मला पटत नाही. आईंना हे जरूर सांगा.

आता आईंची काळजी. ग्रुप टूरची हॉटेलं बहुधा शहरात नसतात, बाहेर हायवेजवळ किंवा विमानतळाजवळ असतात. पॅरिसच्या बाहेरच्या अशाच एका हॉटेलात आम्ही पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि बाहेर चक्क ऊन होतं. जूनमध्ये तिथं सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. दुसऱ्या दिवशी पाचला जाग आली, कारण सोलापुरात साडेआठ वाजले होते आणि पोटाला चहा हवा होता. सौ. झोपलेली. मी खोलीचं कार्ड खिशात टाकलं आणि निघालो. चहा काही मिळाला नाही. परतताना कुठल्या चौकात वळलो होतो ते आठवेना. कार्डावर हॉटेलचं नाव होतं, पत्ता नव्हता. एका माणसाला दाखवलं, त्यानं हसून बोट दाखवलं. गेलो, लिफ्टनं वर गेलो, दाराला कार्ड लावलं, लाल दिवा. पुन्हा लावलं, लाल दिवा. आतून कुणीतरी फ्रेंचमध्ये ओरडलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हे हॉटेलच आपलं नाही, त्याच नावाचं दुसरं आहे. रिसेप्शनवरच्या मुलीनं मला नीट वाट काढून दिली. पोचलो तेव्हा सव्वासात झालेले, ग्रुप नाश्त्याला बसलेला, आणि सौ.च्या ताटलीतला पाव तसाच.

तिशीत मुक्कामी गाड्यांचं नियोजन केलेला मी माणूस! गाडी मुक्कामाला पोचली की ड्रायव्हर-कंडक्टर आधी काय करतात? गाडी कुठं लावली, पाणी कुठं, झोपायचं कुठं आणि सकाळी किती वाजता सुटायचं, हे बघतात. मग जेवण. तेच मी विसरलो होतो. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी प्रत्येक नव्या ठिकाणचा पहिला तास बांधून टाकला, आणि पुढच्या सगळ्या टूरमध्ये एकदाही चुकलो नाही.

बसमधून उतरण्याआधी नंबर प्लेटचा फोटो, कारण पार्किंगमध्ये तशाच पांढऱ्या बस दहा असतात. रिसेप्शनवरून पत्ता छापलेलं व्हिजिटिंग कार्ड दोन मागायची, एक बाबांच्या खिशात, एक आईंच्या पर्समध्ये. दोन्ही बाबांकडे अजिबात नकोत, कारण चुकतात ती माणसं एकेकटीच. खोलीत बॅगा टाकल्या की लगेच आडवं व्हायचं नाही. दोघांनी खाली यायचं, दारातून बाहेर पडून कोपऱ्यापर्यंत जायचं, मागे वळून हॉटेल कसं दिसतं ते बघायचं. उद्या किती वाजता आणि कुठं जमायचं ते डायरीत लिहायचं. मोबाईलवर नको, चार्जिंग संपतं.

लिफ्टमध्येही गंमत असते. तळमजल्याचं बटण देशागणिक बदलतं. फ्रान्समध्ये बऱ्याचदा 'आर' किंवा 'आर सी', जर्मन भागात 'ई', इटलीत 'टी', काही ठिकाणी नुसता शून्य. आमच्या शेजारच्या खोलीतले काका बिचारे तळघरातल्या पार्किंगमध्ये दोनदा जाऊन आले. आणि नळ! इटलीत नळावर 'सी' असेल तर ते गरम पाणी. तिकडे गरमला 'काल्दो' म्हणतात, इंग्रजीतलं 'कोल्ड' डोक्यात ठेवून हात घातलात तर पोळाल. मी पोळलो. चार्जरसाठी दोन बारीक गोल पिनांचा प्लग, ब्रिटन सोडलं तर, या टूरच्या देशांत चालतो, आपला जाड तीन पिनांचा कुठंच बसत नाही. एक मल्टिप्लग घेऊन द्या.

वेळेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ग्रुपमधली निम्मी भांडणं यावरून होतात. तिकडचा बसचालक सलग साडेचार तासांच्या वर गाडी चालवू शकत नाही, मध्ये ४५ मिनिटं विश्रांती सक्तीची. दिवसाला साधारण ९ तास ड्रायव्हिंग, आणि दोन दिवसांच्या मध्ये सामान्यतः ११ तास सुट्टी. गाडीत यंत्र असतं, त्यात सगळं नोंदलं जातं, मालकालाही त्यात खाडाखोड करता येत नाही. आमच्याकडे 'स्प्रेडओव्हर'वरून, म्हणजे ड्युटी सुरू झाल्यापासून संपेपर्यंतच्या एकूण तासांवरून, काय काय रामायणं व्हायची ते मला माहीत आहे, म्हणून मी ते यंत्र मुद्दाम जाऊन बघितलं. तेव्हा सकाळी ग्रुप अर्धा तास उशिरा निघाला तर संध्याकाळचं एखादं ठिकाण कापलं जातं. त्यात टूर मॅनेजरचा उद्धटपणा नसतो, ड्रायव्हरचे तास भरलेले असतात. व्हेनिसला तर बस बेटाच्या कडेला ट्रोंकेतोला थांबते, पुढं बोट. बोट चुकली की सगळा दिवस फिसकटला.

चुकलेच तर? जिथं आहात तिथंच थांबायचं, शोधत फिरायचं नाही. टूर मॅनेजरला फोन. तो लागला नाही तर कार्ड दाखवून टॅक्सी. अगदी अडचण आली तर ११२, हा नंबर युरोपियन युनियनमध्ये सगळीकडे आणि स्वित्झर्लंडमध्येही चालतो. पासपोर्टच हरवला तर आधी पोलिसांत नोंद, मग भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास, ते परतण्यापुरता तात्पुरता कागद देतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या रंगीत झेरॉक्स दोघांच्या बॅगांत अदलाबदल करून ठेवा.

सिंगापूर-मलेशियाची सीमा बसनं कशी ओलांडतात, असं कुणीतरी खाली विचारलंय. तिथं उलटा प्रकार. सीमा खरीखुरी आहे. बसमधून उतरा, सिंगापूरच्या बाजूनं बाहेर पडा, परत बसा, पूल ओलांडा, पुन्हा उतरा, मलेशियात आत शिरा. प्रत्येक वेळी उतरताना बसचा नंबर बघायचा, कारण पलीकडे बस दुसऱ्याच जागी उभी असते.

मुंबईला एक दिवस आधी पोचवा. वंदे भारतनं सकाळी निघाले तर दुपारी पोचतील. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर जागून त्याच दिवशी विमान पकडायचा उद्योग नको.

आणि शेंगाचटणी. खुशाल न्या, कडक भाकरीही न्या, दोन्ही चेक-इन बॅगेत, डबल पिशवीत. पेढे, खवा, तूप, चीज असलं दुधाचं काही नको, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे. चटणी जरा जास्तच द्या. आमचा ड्रायव्हर पोर्तुगीज होता, तिसऱ्या दिवसापासून ४५ मिनिटांच्या विश्रांतीत तो आमच्याकडे बघत उभा राहायचा.