बारोलोच्या पेट्या आणि पुण्यातला फ्लॅट

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही दोघं इटलीत तोरिनोला नोकरी करतो. मुलगी इथलीच, जन्म 2021 चा. दोन वर्षांनी पुण्याला परतून फ्लॅट घ्यायचाय. ओळखीचा एक द्राक्षबागायतदार 2021 ची बारोलो वाइन 50 युरोला बाटली देतोय. बचतीतल्या 8,000 युरोंच्या 160 बाटल्या घेऊन दहा वर्षांनी दुप्पट भावाला विकाव्यात, असं मनात आहे. घेऊ का?"

नमस्कार. 160 नको, चार घ्या.

वाइनबद्दल माझी तक्रार नाही. बारोलो जिथे होते त्या लांगेच्या टेकड्यांवरचं, तिचं द्राक्ष नेब्बिओलो, हे फसवं असतं. पेल्यात रंग फिकट, पण कोवळेपणी घोट घेतला की चहाचा चोथा चघळल्यासारख्या हिरड्या आवळून येतात. तो तुरटपणा आणि ती आम्लता यांच्याच जोरावर ही वाइन वीस-वीस वर्षं टिकते, आणि मग डांबर आणि गुलाब यांचा तो एकत्र वास येतो. नियमच असा आहे की बारोलो 38 महिने मुरल्याशिवाय बाजारात येत नाही, आणि त्यातले निदान 18 महिने लाकडी पिंपात. मोजणी सुगीच्या वर्षातल्या 1 नोव्हेंबरपासून. म्हणून 2021 ची वाइन विकायला आली ती 1 जानेवारी 2025 ला. म्हणजे पहिली तीन वर्षं थांबण्याचा खर्च तुमच्या त्या 50 युरोंत आधीच धरलेला आहे.

वाइन सुधारेल हे मान्य. पण भाव वाढेलच असं नाही, आणि तुमच्या हिशोबात या दोन गोष्टी एक झाल्यात. बारोलोच्या दरवर्षी सव्वा कोटीहून अधिक बाटल्या निघतात. लिलावात ज्यांच्यासाठी चढाओढ लागते ती नावं मोजकी: जाकोमो कोन्तेर्नोची मोनफोर्तिनो, बार्तोलो मास्कारेल्लो, जुझेप्पे रिनाल्दी. तुमच्या ओळखीच्या माणसाची वाइन कितीही सुरेख असली तरी लंडनमधल्या ग्राहकाने त्याचं नाव ऐकलेलं नसेल. आणि नामांकित वाइनींचंही काही खरं नाही. लंडनच्या लिव्ह-एक्स या वाइनच्या बाजारपेठेचा शंभर वाइनींचा निर्देशांक 2022 च्या सप्टेंबरमध्ये शिखरावर होता, पुढच्या दोन वर्षांत तो सुमारे पाचव्या हिश्शाने खाली आला.

आता कागद-पेन घ्या. बारा बाटल्यांच्या पेटीला साठवण आणि विमा मिळून वर्षाला 15 युरो धरू. तुमच्या तेरा-चौदा पेट्या, म्हणजे वर्षाचे 200, दहा वर्षांचे 2,000. विकताना दलाली 10 टक्के. हे आकडे मी गृहीत धरलेत, तुम्ही तुमचे घाला. तरी नुसती मुद्दल सुटायला माल 11,100 युरोंना जायला हवा, म्हणजे बाटली साधारण 70 ला. हे झालं ना नफा ना तोटा. त्यात दहा वर्षांची महागाई धरलेलीच नाही.

"मग पुण्यात घेऊन येऊ, तिथे विकू" असं म्हणाल. इथे तर दारच बंद आहे. सामानातून माणशी दोन लिटरच दारू करमुक्त आणता येते. त्यापुढे कस्टम ड्यूटी, आणि ती वर्षानुवर्षं 150 टक्के राहिलीय. ती उद्या उतरली तरी महाराष्ट्रात परवान्याशिवाय एक बाटलीही विकता येत नाही. जी वस्तू कायद्याने विकताच येत नाही, तिला मी गुंतवणूक म्हणत नाही.

शिवाय आपला उन्हाळा. माझ्या एका अशिलाने अशीच एक महागडी इटालियन बाटली कोथरूडच्या घरी फ्रिजवरच्या कपाटात उभी ठेवली होती. तीन मे महिन्यांनंतर काढली तेव्हा बूच नखभर वर आलेलं, आणि मानेवरून खाली सुकलेला चिकट ओघळ. आत उरलं होतं ते चिंचेच्या कोळासारखं काहीतरी. या वाइनला 12 ते 14 अंश, अंधार आणि आडवी झोप लागते.

फ्लॅटचे पैसे दोन वर्षांत लागणार आहेत, आणि तेही रुपयांत. त्यामुळे शेअरसुद्धा नकोत. एनआरई, म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या रुपयांतल्या खात्यात, मुदत ठेव करा, पण इटलीच्या विवरणपत्रात ते खातं दाखवायला विसरू नका.

आता त्या चार बाटल्या. तुम्ही सरळ लिहिलं नाहीत, पण 2021 वरच अडून बसलात त्यावरून ओळखलं: मुलगी 21 ची होईल तेव्हा उघडायचीय ना? मग ही खरेदी घरखर्चातून करा आणि परताव्याचा विचार सोडा. जमलं तर बारोलोच्या पट्ट्यातल्या सेर्रालुंगा किंवा मोनफोर्ते या गावांकडची घ्या. ला मोर्रा गावची लवकर मऊ होते, त्या दोन गावांची उशिरा. परत येईपर्यंत बागायतदाराला त्याच्याच तळघरात ठेवायला सांगा. तो नाही म्हणणार नाही. येताना दोघांच्या बॅगांत दोन-दोन, म्हणजे माणशी दीड लिटर, कस्टमचा प्रश्नच नाही. घरी छोटा वाइन कूलर लागेल, तोही गुंतवणुकीत धरू नका. आणि हो, बाटल्या गुंडाळायला लेकीचे आखूड झालेले स्वेटर वापरा, पुण्यात तसेही लागणार नाहीत.