महामार्गावर रात्री डांबरीकरण करताना सेफ्टीसाठी सर्वांत आधी काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की सिव्हिलचा डिप्लोमा करून पूर्व द्रुतगती महामार्गाच्या देखभालीच्या कामावर सुपरवायझर म्हणून लागलाय, घाटकोपर ते मुलुंड पट्टा, सगळं काम रात्रीचं, आणि माणसं सांभाळायची भीती वाटते. ती भीती राहू द्या, ती कामाची आहे.

मी चौदा वर्षं मुंबई-ठाण्यात पेव्हरच्या, म्हणजे डांबरी माल अंथरणाऱ्या यंत्राच्या मागे उभा राहिलोय. माझं उत्तर एकच: घड्याळावर आणि थर्मामीटरवर ताबा ठेवा. हेल्मेट, जॅकेट हवंच. पण मी पाहिलेले बहुतेक अपघात घाईतून झाले, आणि ती घाई थंड होत चाललेल्या मालातून, म्हणजे डांबर-खडीच्या गरम मिश्रणातून आली.

व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल प्लांटवर १५० ते १६५ अंशांवर तयार होतो. केंद्रीय मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे अंथरताना तो १४० च्या खाली नसावा आणि ९० वर उतरायच्या आत रोलिंग संपावं. व्हीजी-४० ही जास्त घट्ट प्रत असेल तर हेच आकडे १५० आणि १००. चाळीस मिलिमीटरचा थर खाडीकडच्या वाऱ्यात बघता बघता निवतो. त्यात डंपर ट्रॅफिकमध्ये अडकतात, दोन तास एकही येत नाही आणि पहाटे तीनला तीन एकदम येतात. पाचला रस्ता उघडायचाय. मुकादम ओरडायला लागतो, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी रिव्हर्स येणारा डंपर आणि पेव्हर यांच्या मधल्या जागेत सांडलेला माल ओढायला शिरतो.

माझ्यासमोर असंच झालं. एका कंत्राटदाराच्या कामावर दोघंजण ड्रायव्हरला इशारे देत होते, एक "येऊ दे" म्हणत होता, दुसरा "बस". ड्रायव्हरने पहिल्याचं ऐकलं. मध्ये उभ्या असलेल्या पोराचा पाय मागच्या चाकाखाली गेला. पोरगा वाचला, पण परत कधी साइटवर आला नाही. रिव्हर्स हॉर्न वाजत होता हो! रात्रभर तोच आवाज कानावर पडला की तो ऐकू येईनासा होतो.

तेव्हापासून माझ्या साइटवर डंपर मागे घेणारा माणूस एकच, आणि त्याच्या गळ्यात शिट्टी. शिट्टी यासाठी की मजूर कुठकुठले असतात, कोणाला मराठी येत नाही, कोणाला हिंदीही नाही. तो ड्रायव्हरच्या आरशात दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की ड्रायव्हरने गाडी थांबवायची, हे आधीच ठरवून घ्या. डंपरची चाकं पेव्हरच्या पुढच्या ढकल-रोलरला टेकेपर्यंत मधल्या जागेत कोणीही नाही. हौदा उचलण्याआधी वर तारा, कमान, दिशादर्शक फलक बघायचा; रिकामा करून झाला की हौदा खाली बसल्याशिवाय गाडी पुढे काढायची नाही. ताडपत्री काढायला कोणी मालावर चढला तर लगेच उतरवा.

आणि १४० च्या खाली आलेला डंपर परत पाठवा. पहिल्या रात्री हे जड जाईल, वरून फोन येतील. पण थंड माल घेतलात की रोलरवाला वेग वाढवतो, दंताळं मारणारी पोरं रोलरच्या पुढ्यात जातात, आणि एवढं करूनही पहिल्या पावसात तिथे खड्डा पडतोच.

कपड्यांचं थोडक्यात. सुती, पूर्ण बाह्यांचे. पॉलिस्टर अंगावर वितळतं. चामड्याचे जाड तळव्याचे बूट, पँट बुटाच्या बाहेर, नाहीतर माल आत घुसतो. चपलेवर आलेल्याला कामाला उभं करू नका.

भाजण्याबद्दल मात्र नीट वाचा, कारण इथे सगळीकडे चुकीचं करतात. हातावर डांबर उडालं की लोक डिझेलच्या बोळ्याने पुसायला धावतात. ते करू द्यायचं नाही आणि चिकटलेलं डांबर ओढूनही काढायचं नाही, कातडी सोबत येते. स्वच्छ वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धरा. म्हणून पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त पाण्याचे चार-पाच जार भाजण्यासाठीच बाजूला ठेवा, कितीही तहान लागली तरी त्यांना हात लावायचा नाही. बोटाभोवती किंवा मनगटाभोवती डांबराचं पूर्ण कडं बसलं असेल तर ते थंड होताना आवळत जातं, डॉक्टरांना हे आधी सांगा. १०८ लावा. तुमच्या पट्ट्याच्या मुलुंडच्या टोकाला असाल तर पुलापलीकडे ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे, रस्ता कामाआधीच ड्रायव्हरला दाखवून ठेवा.

ट्रॅफिकसाठी आयआरसी एसपी ५५, म्हणजे रस्त्याच्या कामाच्या जागी वाहतूक कशी सांभाळायची याची इंडियन रोड्स काँग्रेसची पुस्तिका, मिळवून वाचा. आधीची सूचना, लेन निमुळती होणं, कामाची जागा, शेवटचा भाग, हे क्रमाने दिलंय. कोन आणि बोर्ड वाहतुकीच्या दिशेने लावत जायचे आणि पहाटे उचलताना बरोबर उलट क्रमाने, कामाच्या टोकाकडून मागे येत. दमलेली माणसं घरी जायच्या ओढीने सुरुवातीचा मोठा सूचनेचा बोर्डच आधी उचलतात आणि मागे कोन गोळा करणारा उघडा पडतो. तो पहिला बोर्ड सर्वांत शेवटी तुम्ही स्वतः उचला.