वाचक विचारतात : नैरोबी समुद्रापासून एवढी लांब का?

प्रश्न : माझा भाचा नोकरीसाठी नैरोबीला चाललाय. मोम्बासासारखं जुनं बंदर असताना केनियाची राजधानी एवढी आत कशी काय? आणि तिथं सगळे सफारीवरच जगतात का? (एक वाचक, मनमाड)

उत्तर : तुम्ही मनमाडच्या म्हणजे रेल्वेमुळे गाव कसं वाढतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, नैरोबीचंही तसंच झालंय, फक्त तिथं आधी गावच नव्हतं. इंग्रजांनी 1896 ला मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे रेल्वे टाकायला घेतली आणि 1899 च्या मे महिन्यात रूळ 327 व्या मैलावर, म्हणजे आजच्या नैरोबीच्या जागी पोचले. पुढे रिफ्ट व्हॅली नावाच्या मोठ्या खोल दरीचा अवघड घाट, त्याआधीची ही शेवटची मोठी सपाट जागा, शिवाय पाणी. मसाई लोक तिथल्या ओढ्याला ‘एन्कारे नैरोबी’ म्हणायचे, म्हणजे थंड पाणी. मग तिथंच यार्ड, गोदामं, तंबू असं सगळं पडलं आणि काही वर्षांतच कारभारही मोम्बासाहून तिकडे गेला.

जागा मात्र दलदलीची, आपल्यासारखीच काळी माती, पाऊस पडला की नुसता चिखल. 1902 ला प्लेग आला तेव्हा तिथला इंडियन बाजार जाळून टाकला. गाव इथून हलवा असं डॉक्टर सांगत होते पण रेल्वेचा पैसा एकदा तिथं अडकल्यावर कोण हलवतंय!

ही रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून 32,000 च्या आसपास मजूर नेले होते, बहुतेक पंजाबचे, त्यातले जवळपास 2,500 मेले. हा आकडा वाचला की मला दरवेळी गलबलून येतं, सरोवरापर्यंतच्या रुळाच्या प्रत्येक मैलामागे चार माणसं होतात हो. बहुतेक मजूर परत आले, काही हजार तिथंच राहिले, मागून गुजराती दुकानदार गेले आणि 1920 पर्यंत तिथं रुपयाच चालायचा. स्वाहिलीत आजही पैशाला ‘पेसा’, चपातीला ‘चपाती’ आणि विम्याला ‘बिमा’ म्हणतात.

पण शहर वसवताना इंग्रजांनी माणसं रंगावरून वाटली. पश्चिमेची उंच, हवेशीर जागा गोऱ्यांना, पार्कलँड्सचा भाग भारतीयांना आणि ज्यांची मूळ भूमी त्या आफ्रिकन लोकांना पूर्वेकडचा सखल भाग, वर गळ्यात ‘किपांडे’ नावाचा पास अडकवून फिरायचं. 1963 ला स्वातंत्र्य मिळालं तरी पूर्वेला दाटी आणि पश्चिमेला बंगले हे अजून दिसतं, मला तर त्या शहराचं सगळ्यात मोठं दुखणं हेच वाटतं.

आता पोटापाण्याचं. सफारीचा पैसा येतो, शहराला लागूनच नॅशनल पार्क आहे. संयुक्त राष्ट्रांचं पर्यावरण कार्यालय, बँका, 1954 पासूनचा शेअर बाजार हेही आहे, नैवाशा भागातली गुलाबं नैरोबीच्याच विमानतळावरून युरोपला जातात. पण खरं शहर चालतं ते ‘जुआ काली’वर, म्हणजे कडक ऊन. उन्हात बसून पत्रा ठोकणाऱ्या कारागिरांवरून हे नाव पडलं, आता मेकॅनिक, भाजीवाली, शिंपी सगळेच त्यात येतात. केनियातल्या दर 10 कामकऱ्यांपैकी 8 जण असल्याच कामात आहेत. गिकोम्बा बाजारात परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे फुटतात आणि त्यावर हजारो घरं चालतात.

आणि एम-पेसा, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय! 2007 ला सफारीकॉम या मोबाईल कंपनीने सुरू केलं, आपल्याकडे यूपीआय यायच्या कितीतरी आधी. बँकेत खातं नको, स्मार्टफोन नको, कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे रोख द्यायची, ती आपल्या नंबरवर जमा होते, मग साध्या फोनवरून गावी आईला पाठवायची, ती तिच्या गावातल्या दुकानातून काढून घेते. शहरात कमवून गावी पाठवणारी माणसं तिथं इतकी होती की ते लगेच पसरलं. भाच्याला पोचल्यावर पहिलं सिमकार्ड घेऊन हेच सुरू करायला सांगा, मटाटूचं भाडंही त्यावर देता येतं (मटाटू म्हणजे तिथली वडाप).

आणि हो, शहर 1,700 मीटर उंचीवर आहे, जून-जुलैत चांगली थंडी असते, तेव्हा आफ्रिका म्हणून नुसते सुती शर्ट भरू नका, बॅगेत स्वेटर टाका.