ग्राफ अल्गोरिदम न् नेटवर्क सायन्स: आधी तालुका कागदावर काढ

भाऊ, तू विचारलं की एमएस्सीला हे दोन्ही विषय घेतलेत, घाटंजीकडे गावात नेट टिकत नाही, गणित कच्चं वाटते, मग सुरुवात कुठून करू. माझ्या मते आधी कोरा कागद घे, तालुक्यातली ओळखीची तीस-चाळीस गावं मांड, रस्ता असेल तिथं रेघ ओढ, वर किलोमीटर लिही. गाव म्हणजे नोड, रेघ म्हणजे एज, न् हे सगळं जाळं म्हणजे ग्राफ. मग त्याच गावांचा दुसरा ग्राफ काढ, पण रेघ तिथंच जिथं थेट एसटी जाते. आता दोन्ही शेजारी ठेवून पाह्य. रस्त्याच्या ग्राफात एका गावाला तीन-चार फाटे, लय झाले तर पाच, पण एसटीच्या ग्राफात डेपोच्या गावाला रेघाच रेघा. गावं तीच आहेत, एज कशाला म्हणायचं तेवढं बदललं न् सगळं जाळंच वेगळं झालं.

आता पावसाळ्यात नाल्यावरून पाणी गेलं की कोणती गावं तुटतात ते शोध. जी एज काढली की ग्राफचे तुकडे होतात ती ब्रिज, न् संगणकशास्त्रज्ञ टारजनच्या पद्धतीनं सगळे ब्रिज एकाच डीएफएसमधे (एका वाटेनं जमेल तितकं खोल जाऊन मग मागं फिरायची पद्धत) सापडतात, त्यातल्या लो व्हॅल्यू (त्या नोडखालून किती आधीच्या नोडपर्यंत परत पोचता येते तो आकडा) हातानं भर, कोड नंतर. मग मिनिमम स्पॅनिंग ट्री घे, म्हणजे कमीत कमी लांबीत सगळे नोड जोडणारं, कुठंच वेढा नसलेलं जाळं. चेक गणितज्ञ बोरूव्कानं १९२६ मधे तो प्रश्न सोडवला तो मोराव्हियात वीज पोचवायसाठी, कमीत कमी तारेत सगळी गावं जोडायची म्हणून. पण ट्रीमधे प्रत्येकच एज ब्रिज असते! म्हणजे एक तार तुटली की पलीकडं अंधार, सगळ्यात स्वस्त जाळं सगळ्यात नाजूक, हे स्वतःच्या कागदावर दिसलं की विसरत नाही. डायक्स्ट्रा (सगळ्यात कमी अंतराचा रस्ता शोधायचा अल्गोरिदम) पण असाच हातानं कर, न् एजवरचं वजन, म्हणजे रेघेवरचा आकडा, निगेटिव्ह आलं की तो काहून चुकतो हे तीन नोडवर स्वतः करून पाह्य.

नेटवर्क सायन्सचा प्रश्न वेगळा. तिथं क्लस्टरिंग (एका नोडचे शेजारी आपसात किती जोडलेले, ० ते १ मधे) ०.४ आलं, तर ते जास्त की कमी? कशाच्या तुलनेत? म्हणून प्रत्येक नोडची डिग्री (त्याला लागलेल्या रेघा) तीच ठेवून एजेसची अदलाबदल करायची, असे शंभर रँडम ग्राफ बनवायचे न् आपला आकडा त्यांच्यात कुठं बसतो ते पाहायचं. पोट्टे हे सोडून थेट वॉट्स-स्ट्रोगॅट्झ (१९९८) न् बाराबासी-आल्बर्ट (१९९९) ही नेटवर्कची तयार मॉडेलं पाठ करतात, मग चाळीस नोडवर डिग्रीच्या लॉग-लॉग आलेखात रेघ मारून स्केल-फ्री (थोड्याच नोडला लय रेघा, बाकीच्यांना मोजक्या) लिहून मोकळे होतात. तसं करू नको. ब्रॉइडो न् क्लॉसेट यांनी २०१९ मधे जवळपास हजार नेटवर्क तपासले, त्यात पक्के स्केल-फ्री थोडेच निघाले.

नेटचं म्हणशील तर कॉलेजात एकदा पायथन न् नेटवर्कएक्स (ग्राफसाठीची पायथनची लायब्ररी) टाकून घे, पुढं ऑफलाइन चालते, सरावासाठी कराटे क्लबच्या सदस्यांच्या मैत्रीचा ३४ नोड न् ७८ एजचा डेटा त्यातच असतो. एनपीटीईएलचे (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) व्हिडिओ तिथंच डाउनलोड करून आण. गणितात आधी प्रोबॅबिलिटी न् मॅट्रिक्स पक्कं कर, आयगनव्हेक्टर (मॅट्रिक्सनं गुणलं तरी दिशा न बदलणारा व्हेक्टर) अडलं तर चार नोडवर पेजरँक (कोणता नोड किती महत्त्वाचा ते मोजायची पद्धत) कागदावर फिरव, आकडे हलायचे थांबले की तोच आयगनव्हेक्टर.