मूल एका जागी बसतच नसेल, तर ऑनलाइन स्पीच थेरपी कशी होणार?

नागपूरच्या हुडकेश्वर भागात राहणाऱ्या एका आईने पहिल्याच फोनवर मला जे विचारले, ते ऑनलाइन स्पीच थेरपीचा विचार करणारे बहुतेक पालक विचारतात. "मॅडम, तो पाच मिनिटंसुद्धा बसत नाही, मग लॅपटॉपवरून तुम्ही त्याला बोलायला कसं शिकवणार?" मुलगा साडेतीन वर्षांचा होता. सुटे शब्द बोलत असे, पण दोन शब्द जोडत नसे. एप्रिल-मेच्या उन्हात त्याला दुचाकीवरून धंतोलीपर्यंत माझ्याकडे आणणे घरच्यांना नको होते, म्हणून त्यांनी ऑनलाइनचा पर्याय निवडला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलाला बसवण्याची तयारी करायचीच नाही, तयारी खोलीची, खेळण्यांची आणि मुख्यतः तुमची स्वतःची करायची आहे, असे मी त्यांना सांगितले. या वयाच्या मुलाला मी पडद्यावरून धडा देत नाही. त्याच्याशी खेळणाऱ्या आईला, खेळ चालू असतानाच, कुठे थांबायचे आणि काय बोलायचे ते सुचवत असते. मुलाच्या वडिलांना पडद्याचीच धास्ती होती. ती रास्त असली, तरी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीड वर्षाखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्याची शिफारस करतानाही व्हिडिओ कॉलचा अपवाद केला होता, कारण समोरचा माणूस मुलाला उत्तर देतो, कार्टून देत नाही.

एक काम मात्र प्रत्यक्ष जाऊनच करावे लागले, ते म्हणजे श्रवणचाचणी. हाक मारली की वळतो, म्हणजे ऐकू येते, अशी घरात खात्री होती. परंतु केवळ उंच पट्टीतले बारीक ध्वनी ऐकू न येणारी मुलेही हाकेला वळतात, आणि कान तपासल्याशिवाय थेरपी सुरू करणे मला मान्य नाही. अहवाल चांगला आला. गिळताना वारंवार ठसका लागत असेल किंवा तोंडातील टाळूच्या रचनेविषयी शंका असेल, तर मात्र ऑनलाइनचा हट्ट धरू नये. थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही पालकांनी निःसंकोच विचारावे.

नागपूरच्या घरांत उन्हाळ्यातील ऑनलाइन सत्राचा खरा वैरी इंटरनेट नसून कूलर असतो. खिडकीतल्या डेझर्ट कूलरच्या घरघरीत 'स', 'श', 'फ' यांसारखे क्षीण ध्वनी बुडून जातात, आणि कॉलमधील आवाज गाळणारी यंत्रणा घरघरीबरोबर मुलाचा हळू उच्चारलेला शब्दही कधी कधी गाळून टाकते. म्हणून आम्ही सकाळी साडेआठची वेळ ठरवली आणि तेवढा अर्धा तास कूलर बंद ठेवून पंख्यावर भागवले. ज्या मोबाईलवर तो कार्टून पाहत असे तो दुसऱ्या खोलीत गेला. लॅपटॉप चौरंगावर ठेवला, आई आणि मुलगा सतरंजीवर असे बसले की खिडकीचा उजेड त्यांच्या चेहऱ्यांवर पडेल आणि मला ओठ व हात दोन्ही दिसतील.

खेळणी मी आदल्या दिवशी कळवत असे. साबणाचे फुगे, दोन गाड्या, वाट्या आणि चमचे, एवढेच. पण सगळे घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात, म्हणजे वस्तू दिसते आणि मिळवण्यासाठी काहीतरी म्हणावे किंवा दाखवावे लागते. आईला सर्वांत जड गेले ते गप्प राहणे. मुलाने डब्याकडे पाहताच त्या झाकण उघडत. मनात पाच अंक मोजायचे, त्याच्याकडे पाहत थांबायचे आणि तरीही शब्द आला नाही तर आपणच "फुगे हवे" म्हणून डबा उघडायचा, हे अंगवळणी पडायला काही आठवडे गेले. आजी दारातून "म्हण नं बाप्पा, पाणी म्हण" असा तगादा लावत. त्यांना मी म्हणून घेण्याऐवजी स्वतः पाणी ओतताना "पाणी ओतलं, गार पाणी" असे बोलत राहायला सांगितले, आणि ते त्यांना आईपेक्षा लवकर साधले.

पावसाळ्यात तो "अजून फुगे", "गाडी गेली" असे शब्द जोडू लागला. सत्राच्या मध्येच उठून पळणे अजूनही चालू आहे. तो उठला की आई डबा घेऊन त्याच्यामागे जातात आणि माझे सुचवणे लॅपटॉपच्या स्पीकरवरून त्यांना ऐकू येत राहते.